खो-खोत काय ठेवलंय?

"तू मूळचा कुठला?" ह्या प्रश्नाला गेली वीस-बावीस वर्षं माझं एकच उत्तर आहे. उस्मानाबाद. (2023 पासून अधिकृतपणे धाराशिव, पण जीभ अजून अपडेट व्हायची आहे.) त्यावर समोरचा माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. एक तर "म्हणजे औरंगाबादजवळ का?" असं विचारतो. नाहीतर "तुळजापूर तिकडेच ना?" म्हणून हात जोडतो. आणि तिसरा, जो हमखास मटणाचा शौकीन असतो, तो म्हणतो, "अरे वा! उस्मानाबादी शेळी!"

आता शेळीबद्दल मला आदरच आहे. पण आमचा जिल्हा आणखी एका गोष्टीसाठी ओळखला जातो, किंवा जायला हवा. ती गोष्ट म्हणजे खो-खो. त्यातही मुलींचा खो-खो. 2020 साली सारिका काळेला अर्जुन पुरस्कार मिळाला, ती आमच्या उस्मानाबादची. 2016 च्या गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. खो-खोला अर्जुन पुरस्कार मिळाला तो तब्बल 22 वर्षांनी. घरात कित्येक वर्षं एक वेळचंच जेवण असायचं, असं तिनं मुलाखतीत सांगितलं होतं. ती बातमी मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले. बाकी सगळे आयपीएल दुबईला जाणार म्हणून फॅन्टसी टीम लावण्यात गुंतले होते. चालायचंच.

पण आज लिहायला बसलोय ते वेगळ्याच कारणाने. गेल्या आठवड्यात ताईचा फोन आला, आणि तेव्हापासून एक जुनं वाक्य डोक्यात फिरतंय. ते वाक्य माझंच आहे, हीच तर अडचण आहे. पण ते सांगायचं तर आधी 2022 च्या ऑगस्टमध्ये जावं लागेल.

त्या वर्षी राखीपौर्णिमा गुरुवारी, 11 तारखेला आली आणि सोमवारी स्वातंत्र्यदिन. मधे एक रजा टाकली की पाच दिवसांचा वीकेंड. ताई कळंबहून भाचीला घेऊन आमच्याकडे वाकडला आली होती. शनिवारी रात्री जेवताना मी सहज म्हणालो, "उद्या बालेवाडीत खो-खोची लीग सुरू होतेय. अल्टिमेट खो-खो म्हणे. आयपीएलसारखं."

ताईचा घास हातातच राहिला. "खो-खोची? टीव्हीवर?"

"टीव्हीवर पण आणि बालेवाडीत पण. जायचं?"

ती काहीच बोलली नाही. उठून ओट्याकडे गेली. पण सकाळी सातला बघतो तर बाईसाहेब तयार! मॅच संध्याकाळी होती.

ताईबद्दल थोडं सांगतो. ती माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. सातवीपासून खो-खो खेळायची. पहाटे पाचला मैदानावर. मैदान म्हणजे मुरूम. मुरुमावर आधी पाणी मारावं लागतं, नाहीतर सूर मारला की गुडघ्याची साल निघते. आणि आमच्याकडे पाणी म्हणजे काय, ते मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. उन्हाळ्यात घरात प्यायला टँकरचं, मग मैदानाला कुठून? सरांनी कुठून तरी दोन बॅरल मिळवली तर मिळवली. ताईच्या दोन्ही गुडघ्यांवर आजही त्याच्या खुणा आहेत. सर संध्याकाळी घरोघर जाऊन पालकांना सांगायचे, "पोरीला पाठवा, मी जबाबदार." क्रिकेटला बॅट लागते, पॅड लागतात, टेनिसचं तर नावच काढू नका. खो-खोला दोन खांब आणि बारा पोरी लागतात. बाकी सगळं पायात. आमच्यासारख्या गावात हा खेळ का रुजला ह्याचं निम्मं उत्तर ह्यातच आहे. उरलेलं निम्मं त्या घरोघर फिरणाऱ्या सरांत.

तर रविवारी आम्ही श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात पोचलो. आत गेल्यावर पहिल्यांदा जाणवली ती थंड हवा. मग लाइट. मग डीजे. मधोमध चकचकीत मॅट. ताईने खाली वाकून लांबूनच त्या मॅटकडे बघितलं आणि म्हणाली, "ह्याच्यावर तर झोपता येईल रे."

ज्यांनी शाळा सुटल्यावर खो-खो बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ जण मधल्या पट्टीत ओळीने बसतात, एकाचं तोंड इकडे तर पुढच्याचं तिकडे. नववा पळतो. त्याने एकदा दिशा पकडली की उलटं फिरता येत नाही, खांबाला वळसा घालूनच परतायचं. मधली पट्टी ओलांडायची नाही. पळणाऱ्यांना मात्र सगळं माफ, बसलेल्यांच्या मधून नागमोडी जा, गोल फिरा, काहीही करा. म्हणजे एकटा माणूस पळणाऱ्याला पकडूच शकत नाही. म्हणून बसलेल्याच्या पाठीला हात लावून "खो" म्हणायचं, की तो उठणार आणि हा त्याच्या जागी बसणार. आपल्या भाषेत सांगायचं तर टोकन रिंग! टोकन एकच, ज्याच्याकडे असेल तोच पळणार. सगळा खेळ वेगाचा वाटतो, पण असतो टोकन कधी आणि कुणाला द्यायचं ह्याचा. हे मी ताईला मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "उगं गप बस आणि बघ."

पळणारे तीन-तीनच्या तुकडीने आत येतात. पारंपरिक खेळात नऊ मिनिटांची पाळी असते. अडीच-तीन मिनिटं पळून दाखवलं म्हणजे खेळाडू भारी. ऐकायला अडीच मिनिटं काहीच नाहीत. एकदा सोसायटीच्या गच्चीवर अडीच मिनिटं सतत दिशा बदलत पळून बघा, आणि मग मला फोन करा (बोलता आलं तर).

लीगवाल्यांनी मात्र नियम बदलले होते. पाळी सात मिनिटांची केलेली. साध्या स्पर्शाला दोन गुण, सूर मारून बाद केलं तर तीन. आणि सगळ्यात मोठा बदल म्हणजे 'वजीर'. पाठलाग करणाऱ्यांतला एक खेळाडू, ज्याला कुठल्याही दिशेला वळायची मुभा. हे कळल्यावर ताई खवळलीच.

"उलटं पण फिरायचं? मग खो कशाला द्यायचा? मग आमच्या सरांनी आम्हाला काय शिकवलं?"

दहा मिनिटांनी तीच खुर्चीच्या कडेला बसून ओरडत होती, "वजिराला दे! वजिराला दे की खो!"

पहिली मॅच मुंबई खिलाडीज आणि गुजरात जायंट्सची. आम्ही पुण्यात राहून मुंबईच्या बाजूने ओरडत होतो, कारण सहा संघांत महाराष्ट्राचा तेवढा एकच. (बाकीचे चेन्नई, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगू योद्धाज.) गंमत म्हणजे कुठल्याही संघाची यादी काढा, त्यात मराठी नावं सापडतातच. दुसऱ्या मॅचमधल्या चेन्नईच्या संघात वेळापूरचा रामजी कश्यप होता. ताई लगेच, "वेळापूर म्हणजे आपलंच की, अकलूजच्या बाजूला." शहर चेन्नई, पाय सोलापूर जिल्ह्याचे. तशी ह्या खेळाची नियमावली 1914 साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानेच पहिल्यांदा बांधली असं सांगतात. म्हणजे बालेवाडीत खो-खो आला नव्हता, एकशे आठ वर्षांनी घरी परतला होता.

मुंबई हरली. मधल्या वेळात मी पॉपकॉर्न आणायला गेलो. परत आलो तर ताई मॅटकडे बघत होती. म्हणाली, "ह्या पोरांना पैसे मिळतात का रे?"

"मिळतात की. लीग आहे. कॉन्ट्रॅक्ट असतं. जिंकणाऱ्या संघाला एक कोटी."

"खो-खोचे?"

"खो-खोचे."

मग थोड्या वेळाने, "आणि बायकांचे संघ कधी खेळणार?"

मी मोबाईल काढला, शोधण्याचं नाटक केलं. उत्तर मला माहीत होतं. सहाही संघ पुरुषांचे होते.

"बरं," ती म्हणाली, आणि भाचीच्या हातातला पॉपकॉर्नचा डबा नीट धरायला लागली.

आता ते वाक्य.

2002 सालची गोष्ट. मी बारावी झालो, पुण्याच्या एका कॉलेजात इंजिनिअरिंगला नंबर लागला. त्याच ऑगस्टमध्ये ताईची निवड राज्याच्या संघासाठीच्या सराव शिबिरात झाली. तीन आठवड्यांचं शिबिर, त्यातून अंतिम संघ निवडणार. आणि त्याच आठवड्यात आईचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, तीन आठवडे उठायचं नाही, कळशीसुद्धा उचलायची नाही. अण्णा एसटीत कंडक्टर, त्यांच्या रात्रीच्या मुक्कामाच्या गाड्या. घरात कुणीतरी थांबायला हवं होतं.

अण्णांनी मला अंगणात बोलावलं. त्यांचा आवाज मला अजून आठवतो, कारण ते मला कधी काही विचारत नसत, सांगत असत. म्हणाले, "तुझं कॉलेज तीन आठवडे उशिरा सुरू केलं तर जमंल का? ताईला जाऊन येऊ दे."

मी अठरा वर्षांचा होतो. मी म्हणालो, "पहिलंच सेमिस्टर आहे अण्णा, बुडवून कसं चालेल? आणि खो-खोत काय ठेवलंय?"

अण्णा काही बोलले नाहीत. मला पुढच्या सोमवारी पुण्याच्या गाडीत बसवून दिलं. ताई घरी थांबली. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं.

आणि त्या पहिल्या तीन आठवड्यांत कॉलेजात काय झालं? काहीही नाही. खरंच सांगतो, काहीही नाही. अर्धे प्राध्यापक आले नव्हते, कॅप राउंडची मुलं अजून येतच होती, आणि आम्ही ड्रॉइंगशीट आणि ड्राफ्टर स्वस्तात कुठे मिळतो ते शोधत अप्पा बळवंत चौकात फिरत होतो. तीन आठवडे मी सहज घरी थांबू शकलो असतो. भाकरी थापता येत नसती आली, पण कळशी उचलता आली असती.

ताई शिबिराला गेली असती तर संघात आलीच असती असं नाही. आली असती तरी नोकरी लागली असती असं नाही. हे सगळे हिशोब मी वीस वर्षं करत आलोय, आणि दर वेळी मला सोयीचंच उत्तर काढतो. पण प्रश्न तो नाहीच. तिला जाऊन बघायला मिळालं नाही, हा आहे.

मॅच सुटल्यावर पार्किंगमध्ये मी एकदाचं बोललो. "ताई, 2002 ला मी..."

"माहितीय," ती म्हणाली.

"तुला कसं?"

"अंगण आणि माझी खोली ह्यात एक भिंत होती. ती पण पत्र्याची."

बाप रे. वीस वर्षं!

"तुझं चुकलं असं नाही म्हणत मी," ती गाडीचा दरवाजा उघडत म्हणाली. "लहान होतास. पण बोललास ते खरं." म्हणजे 'तू म्हणालास ते सत्य होतं' असं नव्हे. 'तू ते बोललास हे खरं आहे, बोलला नाहीस असं म्हणू नकोस' असं. आमच्याकडच्या मराठीत ह्या दोन्हींत फार फरक आहे. सगळा रस्ता भाची वजीर वजीर करत होती, आम्ही दोघं गप्प.

4 सप्टेंबरला फायनल झाली, ओडिशा जगरनॉट्स विरुद्ध तेलुगू योद्धाज. मी वाकडला, ताई कळंबला, दोघंही टीव्हीसमोर आणि फोन स्पीकरवर. शेवटच्या मिनिटात ओडिशा 43-45 ने मागे. घड्याळात काही सेकंद उरलेले असताना सूरज लांडेने हवेत सूर मारला, गडी बाद, तीन गुण. 46-45! फोनमधून ताईची किंकाळी आली आणि पाठोपाठ भावजींचा आवाज, "अगं हळू, शेजारचे येतील!"

2008 च्या हिवाळ्यात मी डेट्रॉइटला ऑनसाईट होतो. तिथला एक सहकारी मिशिगनच्या अगदी उत्तरेकडचा, तांब्याच्या खाणींच्या भागातला. त्याला आइस हॉकीचं वेड. त्याच्या गावाकडची एक गोष्ट तो दर शुक्रवारी ऐकवायचा. 1904 साली तिथे एक लीग निघाली होती, इंटरनॅशनल प्रोफेशनल हॉकी लीग. खेळाडूंना उघडपणे पगार देणारी हॉकीतली पहिली लीग ती. त्यामागे होता हॉटन गावचा एक दाताचा डॉक्टर, गिब्सन नावाचा! संघ पाचच. त्यातले तीन मिशिगनच्या लहान गावांचे, एक पिट्सबर्गचा आणि एक कॅनडातला. पहिला सीझन जिंकला कॅल्युमेटने, म्हणजे खाणकामगारांच्या गावाने. तेव्हा कॅनडात पैसे घेऊन खेळणं हे पापच. घेतलेले सापडले तर बंदी. म्हणून तिकडची चांगली पोरं सीमा ओलांडून ह्या खाणीच्या गावांत यायला लागली. लीग तीनच सीझन चालली. 1907 ला बंद. पण तोवर कॅनडातल्या क्लबांनाही उघडपणे पैसे द्यायला सुरुवात करावी लागली होती. आज ज्या एनएचएलचे करोडो डॉलर आपण ऐकतो ती त्यानंतर दहा वर्षांनी, 1917 साली आली.

तेव्हा मला ती गोष्ट बोअर झाली होती. आता तिचा अर्थ लागतो. छोट्या लीगचे पहिले सीझन टिकतात किंवा टिकत नाहीत. आपल्याकडे दुसरा सीझन कटकला झाला, डिसेंबर 2023 ते जानेवारी 2024, आणि गुजरात जिंकलं. पुढे काय होईल ते होवो. पण एकदा कुणीतरी खेळाडूच्या हातात कॉन्ट्रॅक्ट ठेवलं की कुठल्याही अंगणात "खो-खोत काय ठेवलंय" हे वाक्य पूर्वीसारखं सहज बोलता येत नाही. बोलणाऱ्याला निदान एक सेकंद थांबावं लागतं.

आणि बायकांचं? 2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, पुरुष आणि महिला दोन्हींचा. 19 तारखेला महिलांच्या फायनलमध्ये भारताने नेपाळला 78-40 ने हरवलं. कर्णधार प्रियांका इंगळे, आणि संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे. पुरुषांनीही कप जिंकला, पण त्या रात्री ताईने मला फोन केला तो फक्त अश्विनीचं सांगायला. "आपल्या मैदानावरची पोरगी रे," एवढंच चार वेळा म्हणाली.

तर आता गेल्या आठवड्यातला फोन. भाची दहावीत आहे. ती पण खेळते, हे वेगळं सांगायला नकोच. आईसारखीच पळतीला भारी, वाकडंतिकडं पळते. तिचं नाव जिल्ह्याच्या शिबिरात आलंय. शिबिर पंधरा दिवसांचं, आणि नेमकं क्लासच्या सराव परीक्षांच्या वेळेला. भावजी म्हणतात पुढच्या वर्षी बघू. ताई म्हणाली, "तू शिकलेला आहेस. तू सांग."

खरं सांगू? माझ्या तोंडात पहिलं आलं ते "बोर्डाचं वर्ष आहे गं" हेच. इतक्या मॅचेस बघून, एवढं सगळं कळून. अठराव्या वर्षी इन्स्टॉल झालेलं सॉफ्टवेअर चाळिशीत पण तसंच चालू असतं. जीभ दाताखाली धरली आणि गप्प बसलो. तिकडून ताई पण गप्प. ती मुद्दाम मला विचारत होती का? असेलही. मी विचारायची हिंमत केली नाही.

शेवटी म्हणालो, "मी रजा टाकतो. ते पंधरा दिवस कळंबला येऊन राहतो, लॅपटॉप घेऊन. रोज संध्याकाळी तिचं गणित-विज्ञान मी घेतो. भावजींशी मी बोलतो."

"रजा मिळंल तुला? रिलीज का काय असतंय ना तुमचं?"

रिलीज आहेच. त्याच आठवड्यात आहे. मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही, सोमवारी सांगणार. तो विचारणार, "कशासाठी?" मी सांगणार, "खो-खोसाठी." आणि तो काय म्हणेल ते मला आत्ताच ऐकू येतंय.

असो. बॅग भरायला घेतलीये. भाचीने शूज मागवलेत, मापाचं चित्र काढून पाठवलंय. आज संध्याकाळी लक्ष्मी रोडला जाऊन येतो.